रंगचक्रव्यूह

पोहणं, सायकल आणि रंगांची ओळख या तीन गोष्टी माणसाने दहाव्या वर्षाच्या आत उरकून टाकाव्यात; नंतर शिकायला गेलं की हाडं, कपडे आणि अब्रू यांपैकी काहीतरी मोडतंच. माझं पोहणं राहिलं ते गोदावरीच्या पाण्यापेक्षा घाटावर बसणाऱ्या बघ्यांच्या भीतीने. सायकल आली, पण ती थांबवायला मला अजून भिंत लागते. रंगांचं नेमकं काय झालं ते मात्र सांगता येत नाही. नोकरीला लागताना डॉक्टरांनी ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं तेव्हा त्यातले सगळे आकडे मी धडाधड वाचून दाखवले होते, म्हणजे डोळे शाबूत आहेत. पण मोरपंखी कुठे संपतो आणि रामा कुठे सुरू होतो, डाळिंबी आणि आमसुली हे दोन वेगळे रंग धरायचे ते कोणाच्या सांगण्यावरून, आणि 'चिंतामणी' हा रंग आहे की दुकानाच्या मालकाचं नाव, असले प्रश्न मी विचारले की घरातल्या बायका एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. पडदे, चादरी, पाहुणीच्या ओटीत घालायचे ब्लाउजपीस, यांतलं काहीही आणायला मला एकट्याला पाठवत नाहीत. कोथिंबीर आणायला पाठवतात, कारण ती एकाच रंगात मिळते.

तर यंदा लेकीने एलिमेंटरीचा फॉर्म भरला. तुम्हाला ठाऊकच आहे, कला संचालनालयाच्या या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडे घराघरातून पाण्याचे डबे आणि ब्रश दिसू लागतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, अशी सगळी तयारी. संकल्पचित्रात रंगसंगती लागते, म्हणून चित्रकलेच्या सरांनी सगळ्यांना एक रंगचक्र करून आणायला सांगितलं होतं. लेक म्हणाली, रविवारी करते. तिने माझ्याकडे मदत मागितली नव्हती. ती क्लासला गेली, कागद टेबलावर होता, रंग टेबलावर होते आणि मला सुट्टी होती.

रंगचक्र ही गोष्ट ऐकायला इतकी सोपी आहे की ती चुकवायला अंगात काहीतरी विशेष असावं लागतं. तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग. त्यांतले दोन-दोन मिसळले की नारिंगी, हिरवा, जांभळा. या सहांच्या मध्ये आणखी सहा. झाले बारा. ते गोलात क्रमाने भरले की जे दोन रंग बरोबर समोरासमोर येतात ते एकमेकांचे विरोधी: तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. हे विरोधी रंग शेजारी ठेवले तर दोघेही पेटून उठतात आणि एकाच वाटीत कालवले तर दोघेही मरतात. सातवीतलं लेकरू हे पाच मिनिटांत समजून घेतं. मीही समजून घेतलं. माझी अडचण समजण्यात कधीच नसते.

पहिल्यांदा गोल काढला. गोलाची त्रिज्या कर्कटकात धरून परिघावर खुणा करत गेलं तर बरोबर सहा खुणांत आपण निघालो त्या जागी परत येतो, हा भूमितीतला फार सुंदर नियम आहे, आणि शाळेतलं इतर सगळं विसरलो तरी एवढं मला आठवत होतं. पण हा नियम युक्लिडने केला तेव्हा त्याच्या कर्कटकाचा स्क्रू घट्ट असावा. आमच्या लेकीच्या कर्कटकातली पेन्सिल दर खुणेला जराजरा सरकत गेली, मी मात्र नियमावर विश्वास ठेवून पुढे जात राहिलो, प्रत्येक भागाचे निष्ठेने दोन भाग केले, आणि शेवटी परत आलो तेव्हा निघालेली जागा आणि पोचलेली जागा यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं. त्या बोटभर जागेचं काय करायचं हे नियमात नसल्यामुळे मी तिलाही एक घर मानलं. रंग बारा आणि घरं तेरा.

"तेराव्याचं काय करायलाव?" चहा ठेवताना हिने विचारलं.

"तेरावं कोणाचं?" आतून आई दचकून म्हणाली. "चांगल्या दिवशी काय बोलायलाव रं तुम्ही!"

मग मी ताटली उपडी ठेवून नवा गोल काढला, कागद कापला, अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, मग तिसऱ्या हिश्शाला घड्या घातल्या आणि बारा घरं मिळवली. जाड कागद घड्यांवर उलला, हे खरं. पण घरं बारा होती.

आता रंग. पिवळा भरला, छान. तांबडा भरला, निळा भरला, छान. नारिंगी झाला, हिरवाही झाला, आणि मला वाटायला लागलं की माणसाने पन्नाशीनंतर कलेकडे वळावं असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे. मग जांभळ्याची वेळ आली. तांबड्यात निळा घातला. आला तो रंग जांभळा नव्हता. म्हणून थोडा तांबडा वाढवला, मग तो काळसर दिसला म्हणून निळा वाढवला, मग गडद झाला म्हणून पांढरा, मग फिका पडला म्हणून पुन्हा तांबडा, असं करत वाटीतलं मिश्रण बशीत, बशीतलं वाडग्यात गेलं, आणि अर्ध्या तासाने माझ्यासमोर वाडगाभर असा एक रंग तयार होता की जो चार दिवस फ्रिजमध्ये विसरलेल्या वांग्याच्या भरताला असतो. वांगं जांभळं असतं या एका धाग्यावर मी तो खपवायचा प्रयत्न केला. ही नुसती हसली.

याचं कारण मला नंतर कळलं आणि ते कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत असतो, तेव्हा तुम्हीही ऐकाच. रंगांच्या बाटल्यांवर नुसतं तांबडा, निळा असं लिहिलेलं नसतं. तांबड्यात एक क्रिमसन असतो, किरमिजी, आणि एक व्हर्मिलियन, शेंदराकडे झुकलेला. निळ्यात एक अल्ट्रामरीन, जांभळटाकडे जाणारा, आणि एक प्रशियन ब्लू, हिरवट झाकेचा. जांभळा हवा तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्यायचे. मी झाकण सैल असलेल्या बाटल्या उचलल्या होत्या, त्या निघाल्या व्हर्मिलियन आणि प्रशियनच्या. शेंदरीत पिवळ्याचा अंश आधीच दडलेला, हिरवट निळ्यातही तोच, आणि पिवळा तर जांभळ्याचा सख्खा विरोधी! म्हणजे मी जांभळा करायला बसलो होतो आणि दोन्ही बाजूंनी त्याच्या वैऱ्याला आत घेत होतो. रंगद्रव्य काय करतं, तर पडलेल्या उजेडातला काही भाग खातं आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे फेकतं. एकाने खाल्लेलं दुसरा फेकतो आणि दुसऱ्याने खाल्लेलं पहिला फेकतो, अशा दोघांना एका वाडग्यात घातलं की दोघं मिळून सगळंच खाऊन टाकतात. उरतं ते भरीत.

क्रिमसनची बाटली आणायला वजिराबादेत गेलो. जाताना डोक्यात फक्त तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी. तेवढ्यात गुरुद्वाऱ्याच्या बाजूने एक निहंग सरदारजी येताना दिसले: गर्द निळा चोला, निळीच उंच दस्तार आणि कमरेला केशरी पट्टा. आता मी जन्माचा नांदेडकर. दसऱ्याचा आणि होळीचा हल्लाबोल लहानपणापासून बघत आलो. हे निळं आणि केशरी हजारदा डोळ्यांखालून गेलेलं. पण ते केशरी एवढं का उठून दिसतं याचा विचार कधी केला नव्हता, आणि तो विचार मला नेमका स्कूटर चालवताना आला. "निळ्यासमोर नारिंगी!" असं मोठ्याने म्हणून मी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागच्या ऑटोवाल्याने मला जे सांगितलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच, "चाचा, बाजू को होओ ना!" सरदारजींना वाटलं मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी हात जोडले. मीही जोडले. स्कूटर आडवी झाली.

फाल्गुनात किनवट-माहूरच्या रस्त्याला पळस फुलतो तेव्हा बिनपानांच्या झाडावरची ती नारिंगी फुलं निळ्या आभाळावर डोळ्यांत घुसतात, तेही याच हिशेबाने. आम्ही दरवर्षी गाडी थांबवून फोटो काढतो. फोटोत मधोमध माझं डोकं असतं.

क्रिमसन घेऊन घरी आलो तर पिवळा सांडला होता. तो मी जाताना झाकण न लावता ठेवलेला असल्यामुळे त्याबद्दल कोणाला बोलायची सोय नव्हती. परत बाजारात जायची माझी तयारी नव्हती. तो ऑटो अजून तिथेच असण्याची शक्यता होती. आणि आपण राहतो कुठे? नांदेडात. इथे हळदीचा मोठा बाजार भरतो, पलीकडे वसमत तर हळदीसाठीच ओळखलं जातं, घरात डबा भरून हळद, आणि मी पिवळ्या रंगासाठी हात चोळत बसावं? चमचाभर हळद पाण्यात कालवली. काय झळझळीत पिवळा आला म्हणता! फक्त जरा गडद वाटला. फिका करायला पांढरा हवा, आणि पांढरा रंग तर त्या भरताच्या वाडग्यात संपलेला. एवढ्यात आईच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी दिसली. चुना पांढरा असतो, हे निदान माझं निरीक्षण बरोबर होतं.

बोटभर चुना हळदीत घातला आणि ढवळला. पिवळा फिका व्हायचं सोडून तो लालबुंद झाला.

मी डोळे चोळले. पिवळं आणि पांढरं मिळून लाल होतं हे मी तोवर वाचलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. आपल्या हातून काहीतरी मोठा शोध लागला आहे असं मला क्षणभर वाटलं, आणि मी वाटी घेऊन धावत आईकडे गेलो. आईने वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुकू करायलास काय रं?" ती म्हणाली. तिच्या लहानपणी कुंकू असंच व्हायचं म्हणे, हळदीला चुन्यासारखं काहीतरी खारं लावून. हळदीतला पिवळा रंग आंबटात पिवळा राहतो आणि खाऱ्यात लाल होतो; हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की तो डाग लाल होतो, तो याचमुळे. यावर मी 'हो का?' म्हणालो आणि खाली बघितलं तर हळदीचा डाग शर्टावर होताच. साबण लावला. आईचं बरोबर होतं.

लेकीने संध्याकाळी परत येऊन उरलेली घरं भरून दिली, कोणाला काही न विचारता, बोलता बोलता. जांभळ्यासकट. इथे मी थांबायला हवं होतं, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे.

पण मी त्या रात्री न्यूटनबद्दल वाचलं. रंगांना ओळीत न ठेवता गोलात बसवायची कल्पना त्याची. 1704 साली त्याचा 'ऑप्टिक्स' ग्रंथ आला, त्यात तो गोल आहे. इंद्रधनुष्याचे सात रंग धरून त्याने त्या गोलाचे भाग संगीतातल्या सात स्वरांच्या अंतरांवर बेतले होते, म्हणजे ज्याला रंग कळत नाहीत आणि स्वरही कळत नाहीत अशा माणसाची एका फटक्यात सोय. न्यूटनच्या नावाने एक चकतीही ओळखली जाते; शाळेत ती तुम्ही पाहिली असेल. रंगांची चकती जोरात फिरवली की सगळे रंग डोळ्यांत मिसळून ती पांढरी दिसते. शाळेत ती हाताने फिरवायची असते. आमच्याकडे टेबल फॅन होता.

पंख्याची जाळी काढली, मधल्या गुंडीवर चिकटपट्टीने रंगचक्र बसवलं, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सोफ्यावर बसवलं, दोन वाक्यं न्यूटनवर बोललो आणि तीन नंबरचं बटण दाबलं. एक गोष्ट सांगायची राहिली. कडेचे रंग सुरेख दिसावेत म्हणून मी त्यांच्यावर नुकताच पोस्टर कलरचा एकेक दाट हात फिरवला होता. गोल फिरणाऱ्या वस्तूवर जे काही ओलं असतं ते बाहेरच्या बाजूला पळत सुटतं, हा नियम वॉशिंग मशीनच्या बाबतीत मला मान्य आहे. तो मलाही लागू होतो हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. पहिल्या झटक्यात तांबडा छताला गेला, हिरवा शोकेसवर, नारिंगी कालनिर्णयच्या एकादशीवर आणि निळा माझ्या त्याच शर्टावर. तरी सगळे रंग एका सरळ रेषेत उडाले असते तर खोलीभोवती एकच पट्टा उमटला असता आणि तो पुसता आला असता. पण पंख्याची मान फिरती होती. सगळ्यांना वारा लागावा म्हणून ती मीच चालू ठेवली होती.

चकती पांढरी दिसली का, हे तुम्ही विचारणार. सोफ्यामागून डोकं वर काढून लेकीने पाहिलं. "पप्पा, राखाडी आहे," ती म्हणाली. रंगवलेल्या कागदाचं तसंच होतं. प्रत्येक घर उजेडाचा काही हिस्साच परत देतं, त्यांची सरासरी पांढरी कशी येणार? शास्त्र म्हणून प्रयोग यशस्वी झाला होता. भिंती म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी मिस्त्री आले. त्यांनी चारी भिंती शांतपणे बघितल्या, छत बघितलं. "होळी उशिरा केली का साहेब?" एवढंच विचारलं. लांबी लावून घासावं लागेल, मग प्रायमर, मग डिस्टेंपरचे दोन हात. "कलर कोणता?" ही तेव्हा लेकीला घेऊन लातूरला भावाकडे बारशाला गेली होती. जाताना तिने 'आहे तोच द्यायला सांगा' असं तीनदा सांगितलं होतं, आणि आधीचा रंग मोतिया होता की बदामी हे मला आठवत नव्हतं. त्यापेक्षा शास्त्र बरं. मी भिंतीवरचे डाग वगळून बाकी सगळं ज्ञान मिस्त्रींना दिलं, आणि म्हणालो, एक भिंत तांबडी आणि शेजारची हिरवी. शेजारी-शेजारी असले तरी विरोधी, समोरासमोर असले तरी विरोधी, एकमेकांना उठाव देणारच!

मिस्त्री काही वेळ कुंच्याचे केस मोजत राहिले. मग म्हणाले, "बाईंना फोन लावून बघता का?"

मी लावला नाही.

डिस्टेंपर वाळल्यावर आई दारात येऊन उभी राहिली. "हाटेल केलंस की रं," म्हणाली आणि त्यानंतर दोन दिवस ती देवघरातच बसली. मीही बसून बघितलं. दोन्ही भिंती जिथे कोपऱ्यापाशी एकमेकींच्या जवळ येत होत्या तिथली कड थरथरत होती. खरंच सांगतो, भिंत थरथरत होती. पुस्तकात याला उठाव म्हणतात. माझे एक सहकारी चहाला आले, तांबड्या भिंतीकडे तोंड करून बसले, बराच वेळ बोलले, मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या छताला ओल आलीये का हो? शेवाळ धरलंय." छत पांढरंशुभ्र होतं. मी आनंदाने उडालो. तांबड्याकडे टक लावून बघितलं की डोळ्यातल्या तांबडं टिपणाऱ्या पेशी थकतात, मग पांढऱ्याकडे बघितलं की उरलेल्या पेशी जोर धरतात आणि तिथे हिरवट-निळसर छाया दिसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे कपडे हिरवे असतात ते याच कारणाने. 1914च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने पांढऱ्या खोलीला कंटाळून, रक्ताच्या तांबड्याला उतारा म्हणून हिरवा रंग आणला. हे सगळं मी त्यांना उभं राहून, हातवारे करून सांगितलं. त्यांनी चहा अर्धा सोडला. दुसरे एक शेजारी हिरव्या भिंतीसमोर बसले होते, ते माझ्याकडे वळून म्हणाले, तब्येत सुधारली की, चेहऱ्यावर लाली आली! एवढा एक फायदा त्या हॉलने मला दिला.

ही लातूरहून आली. दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तिने तांबडी भिंत बघितली, मग हिरवी भिंत बघितली, मग मला बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "मिस्त्री कुठं राहतात?"

मी बचावासाठी शेव्रलला पुढे केलं. मिशेल युजीन शेव्रल, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, 102 वर्षं जगला. 1824 साली त्याला पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख नेमलं. तिथे तक्रार अशी की काळं सूत नीट काळं दिसत नाही. त्याने सूत तपासलं, तर त्यात काहीच खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याचा काळेपणा खात होते. यावर त्याने वर्षानुवर्षं काम करून 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहिला: कोणताही रंग एकटा नसतो, शेजारचा रंग त्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो.

"एवढ्यासाठी ग्रंथ?" ही म्हणाली. आणि मग तिने मला जे ऐकवलं ते मी शक्य तेवढं सौम्य करून सांगतो. मॅचिंग सेंटरचा माणूस साडीवर ब्लाउजपीस टाकून बघतो, नुसता तागा हातात घेऊन सांगत नाही; आणि मग दोन्ही उचलून दारातल्या उन्हात नेतो, ट्यूबलाइटखाली ठरवत नाही. पैठणीच्या अंगाचा रंग एक आणि काठ-पदराचा दुसरा, तो असाच का? आणि उभे धागे एका रंगाचे नि आडवे दुसऱ्या, त्याची धूपछाँव होते; ती विणणारा जर तांबडं-हिरवं सारख्याला सारखं घालून बसला तर साडी दुरून मळकी दिसेल, म्हणून तो बघून घालतो. पैठण आपल्याच गोदावरीवर वरच्या अंगाला आहे, पॅरिसला जायची काय गरज होती? आणि इतकी वर्षं तुमचे पांढरे शर्ट पिवळट पडतात तेव्हा शेवटच्या पाण्यात नीळ कोण टाकतं, आणि का टाकतं, कधी विचारलंत? पिवळ्यावर निळा-जांभळा चढला की पिवळा मरतो आणि शर्ट पांढरा दिसतो. चुन्याच्या भिंतीतही लोक चिमूटभर नीळ टाकायचे ते त्यासाठीच.

मी म्हणालो, "मग तुला हे सगळं माहीत होतं तर मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कोथिंबिरीशिवाय काही आणत होता का?"

लेकीनेही भर घातली. तिने फोनवर दाखवलं की मोबाइलच्या पडद्यावर तर तांबड्यासमोर हिरवा नसतोच. उजेडाच्या हिशेबात तांबड्याचा विरोधी निळसर-हिरवा, म्हणजे सायन, आणि निळ्याचा विरोधी पिवळा. छापखान्यातले लोक सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा यांवर काम भागवतात. चित्रकलेच्या तासाचं चक्र वेगळं, पडद्याचं वेगळं. म्हणजे मी ज्या चक्राच्या भरवशावर भिंती रंगवल्या त्याच्याशीही सगळे सहमत नव्हते. हे मला मिस्त्री येण्याआधी कळलं असतं तर, असं मी म्हणणार होतो. पण खरं सांगायचं तर मग मी एक भिंत सायन केली असती.

मिस्त्रींना बोलावलं. घरात दोन्ही रंगांचा डिस्टेंपर बराच उरला होता, आणि तो टाकून द्यायला हिचा जीव होत नव्हता. मिस्त्रींनी मोठा डबा मागितला, त्यात पांढरा डिस्टेंपर ओतला, त्यात जरा तांबडा घातला, काठीने ढवळला, मग अंदाजाने हिरवा सोडत गेले. तांबडा हळूहळू नरम पडला, मग दिसेनासा झाला, हिरवाही दिसेना. डब्यात एक मऊ, किंचित उबदार राखाडी तयार झाला. "विरोधी रंग असले की एकमेकांना मारतात," मी आतुरतेने म्हणालो. "आम्ही त्याला कलर तोडणं म्हणतो साहेब," ते म्हणाले, "तुम्ही जरा लांब उभे राहा."

तो रंग चारी भिंतींना बसला आणि हॉल इतका देखणा झाला की सगळ्या गल्लीने येऊन बघितला. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, आईसुद्धा देवघरातून बाहेर आली. तिसऱ्या घरातले शेजारी तर भिंतीवर हात फिरवून म्हणाले, हा शेड कोणत्या कंपनीचा, नंबर सांगा, आम्हाला दिवाळीआधी हवाच. मिस्त्री नेमके त्या दिवशी गावाला गेले होते, ही आत चहा करत होती, आणि इतक्या वर्षांत रंगाबद्दल काही विचारायला माझ्याकडे प्रथमच कोणीतरी आलेलं. मी त्यांना बसवलं, कागद घेतला, गोल काढला, आणि तांबडा किती, हिरवा किती, पांढरा किती हे प्रमाण आठवून आठवून लिहून दिलं. व्हर्मिलियन घ्या, असंही बजावलं. आता सहज त्यांच्या घरावरून जाताना खिडकीतून दिसलं, ओळखीचा रंग वाटला. भरीतच. चारी भिंतींना.

ते सध्या आमच्याशी बोलत नाहीत.